किंग्ज इंडियन बचाव: ई५चं प्यादं खरंच फुकट जातं का?

पांढऱ्यानं वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, की काळ्यानं काय करायचं? मी किंग्ज इंडियन सुचवतो. नावातलं ‘इंडियन’ उगाच नाही बरं का. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी स्कॉटिश बॅरिस्टर कॉक्रेनशी अशा पद्धतीनं खेळत.

घोडा एफ६, प्यादं जी६, उंट जी७, प्यादं डी६, मग कॅसलिंग. तोवर पांढऱ्याची प्यादी सी४, डी४, ई४वर ठाण मांडून बसतात. बसू द्यावीत. पण वेळेवर ई५चा धक्का दिला नाही, तर तीच प्यादी तुम्हाला चिरडतात.

नवशिका नेमका इथंच कचरतो. ‘सर, प्यादं फुकट जाईल!’ पटावर मांडून बघा. पांढऱ्याचे घोडे सी३, एफ३वर, उंट ई२वर. तुम्ही ई५ खेळलात. प्याद्यानं प्यादं मारलं, वजिरावजिरी झाली, तुमचा हत्ती डी८वर आला. आता त्याचा घोडा ई५ खातो. तुम्ही घोड्यानं ई४चं प्यादं मारायचं! त्यानं तो घोडा मारला, तरी जी७च्या उंटाची वाट मोकळी झालेली असते; तो ई५चा घोडा उचलतो. हिशेब चुकता. ही एक गोष्ट स्वतः तपासलेली बरी, वीस चाली घोकण्यापेक्षा. मीही घोकल्या होत्या. समोरच्यानं वेगळीच चाल केली आणि मी बघत बसलो.

आणि त्यानं न मारता डी५ ढकललं तर? मध्य बंद. तो वजिराच्या बाजूनं येणार, तुम्ही एफ५ करून राजावर जायचं. सी८चा उंट मात्र अदलाबदलीत घालवू नका. त्या हल्ल्यात तोच लागतो.