सीझरच्या नावाचे व्याकरण

इंग्रजीत विशेषनाम ओळखण्याच्या तीन ठळक खुणा मानल्या जातात : त्याचे आद्याक्षर मोठ्या लिपीत लिहिले जाते, त्याच्या आधी ‘अ’ किंवा ‘द’ ही उपपदे सहसा येत नाहीत आणि त्याचे अनेकवचन सहसा होत नाही. एखाद्या माणसाचे नाव लोकांच्या बोलण्यात शतकानुशतके रुळले की या खुणा गळू लागतात, आणि त्यांपैकी कोणती उरली व कोणती गेली यावरून ते नाव मूळ धन्यापासून किती दूर गेले हे मोजता येते. रोमन सेनानी ज्युलिअस सीझर याचे नाव या दृष्टीने फार बोलके आहे, कारण या दुराव्याच्या सगळ्या पायऱ्या आजच्या इंग्रजीत एकाच वेळी नांदताना दिसतात.

गायस ज्युलिअस सीझर या पूर्ण नावात ‘गायस’ हे जन्मानंतर ठेवलेले नाव, ‘ज्युलिअस’ हे कुळाचे नाव आणि ‘सीझर’ हे त्या कुळाच्या एका शाखेचे नाव, म्हणजे आपल्या आडनावाच्या जवळ जाणारे होते. या शाखानामाचा अर्थ रोमन लोकांनाही नक्की ठाऊक नव्हता. कुणी त्याचा संबंध ‘कापलेला’ या अर्थाच्या लॅटिन धातुसाधिताशी जोडला, कुणी दाट केसांशी, कुणी निळसर डोळ्यांशी, तर कुणी आफ्रिकेतील एका भाषेतल्या ‘हत्ती’ या शब्दाशी. प्राचीन रोममध्ये त्याचा उच्चार ‘कैसर’ असा होत असे. पुढे लॅटिनमधील जोडस्वर बदलला, ‘क’चा ‘स’ झाला आणि इंग्रजीतील दीर्घ स्वरांनी आपली जागा बदलल्यावर आजचा ‘सीझर’ हा उच्चार घडला.

इ.स.पू. ४४ मध्ये सीझरची हत्या झाल्यावर त्याच्या मृत्युपत्रानुसार दत्तक ठरलेल्या ऑक्टेव्हिअनने, म्हणजेच पुढच्या ऑगस्टस सम्राटाने, हे नाव धारण केले आणि ते राजघराण्याचे आडनाव बनले. इ.स. ६८ मध्ये नीरोबरोबर हे घराणे संपले, तरी पुढच्या सम्राटांनी नाव सोडले नाही. ज्यांचा त्या कुळाशी रक्ताचा वा दत्तकाचा संबंध नव्हता त्यांनीही ते लावले, तेव्हा आडनावाची पदवी झाली. इ.स. २९३ मध्ये डायोक्लीशनने साम्राज्याचा कारभार चौघांत वाटला, तेव्हा दोन ज्येष्ठ सम्राट ‘ऑगस्टस’ आणि त्यांचे दोन कनिष्ठ सहकारी ‘सीझर’ म्हणवले गेले. जर्मन ‘कैसर’ आणि रशियन ‘झार’ ही याच पदवीची रूपे होत.

इंग्रजी वाक्यांतील पहिली पायरी अर्थातच खुद्द माणसाची. उपपदाविना, एकवचनी आणि मोठ्या आद्याक्षराचा ‘सीझर’ असा उल्लेख आला की तो ज्युलिअस सीझरचा समजला जातो. न्यायाधीश किंवा हिशेबतपासनीस यांच्याबद्दल लिहिताना वापरली जाणारी ‘सीझरच्या पत्नीसारखे’ ही उपमा या पायरीवरची आहे. इ.स.पू. ६२ मध्ये सीझरच्या घरी केवळ स्त्रियांसाठी चाललेल्या धर्मविधीत क्लोडिअस नावाचा तरुण स्त्रीवेशात शिरला आणि सीझरची पत्नी पॉम्पेया हिच्याविषयी कुजबुज सुरू झाली, तेव्हा तिच्यावर कोणताही आरोप न करता सीझरने केवळ संशयाची सावलीही नको म्हणून तिला सोडले, असे प्लुटार्कने नोंदवले आहे. म्हणून दोष नसणे पुरेसे नाही, संशयालाही जागा नको, एवढे सगळे इंग्रजी लेखक या दोन शब्दांत सांगून जातो.

दुसऱ्या पायरीवर नाव तसेच दिसते, पण माणूस बदललेला असतो. ‘सीझरचे सीझरला द्यावे’ या बायबलमधून आलेल्या वाक्प्रचारात कर मागणारा सीझर ज्युलिअस नव्हे, कारण तो मरून तेव्हा सत्तर वर्षे उलटून गेली होती आणि गादीवर टायबेरिअस होता. कर, कायदा, लष्करी सेवा असे शासनाचे जे काही देणे असते, त्या सगळ्यासाठी इंग्रजीत आजही ‘सीझर’ म्हटले जाते. व्याकरणाने ते विशेषनाम, अर्थाने मात्र ‘राज्यसत्ता’ हे भाववाचक नाम झालेले असते.

तिसऱ्या पायरीवर उपपद आणि अनेकवचन येते. ‘द सीझर्स’ म्हणजे रोमचे सम्राट, आणि ‘अ सीझर’ म्हणजे लोकप्रियतेच्या बळावर सर्व सत्ता एकवटणारा कोणीही पुढारी. याच अर्थावरून एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलिअनच्या राजवटीची चर्चा करताना ‘सीझरिझम’ हा शब्द रूढ झाला. मोठे आद्याक्षर तेवढे येथे टिकून आहे.

चौथ्या पायरीवर नाव विशेषणाचे काम करते आणि येथे गैरसमजांना बहर येतो. ‘सीझर सायफर’, म्हणजे प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेत तीन घरे पुढचे अक्षर लिहिण्याची गुप्तलिपी, खरोखरच त्याची आहे, कारण ती तो वापरत असे हे स्वेटोनिअस सांगतो. ‘सीझर सॅलड’चा मात्र रोमशी संबंध नाही, ते मेक्सिकोतील तिहुआना येथे १९२४च्या सुमारास उपाहारगृह चालवणाऱ्या सीझर कार्डिनी या इटालियन गृहस्थाच्या नावाने ओळखले जाते. ‘सिझेरियन’ शस्त्रक्रियेची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. त्या काळी अशी शस्त्रक्रिया मृत किंवा मरणासन्न मातेवरच होत असे आणि सीझरची आई ऑरेलिया तर मुलगा प्रौढ होऊन गॉलच्या मोहिमेवर जाईपर्यंत हयात होती. त्यामुळे तो असा जन्मला असण्याचा संभव नाही आणि शब्दाचे मूळ ‘कापणे’ या लॅटिन धातूत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. तसे असेल तर ‘सिझेरियन सेक्शन’ या जोडशब्दात कापणे दोनदा आले आहे. इंग्रजी लिखाणात या शब्दाचे आद्याक्षर आता बहुधा लहानच असते.

शेवटची पायरी ‘झार’ची. अमेरिकी इंग्रजीत एखाद्या प्रश्नासाठी नेमलेल्या, विशेष अधिकार असलेल्या अधिकाऱ्याला वृत्तपत्रे ‘झार’ म्हणतात, आणि १९८८च्या कायद्याने निर्माण झालेल्या अमली पदार्थ नियंत्रण कार्यालयाचा प्रमुख ‘ड्रग झार’ म्हणूनच ओळखला जातो. लहान आद्याक्षर, आधी उपपद आणि अनेकवचन अशा सर्व लकबी अंगी मुरलेल्या या नामात सीझरची आठवण कोणत्याही वाचकाला होत नाही.

मराठीत हे एकच नाव निरनिराळ्या वाटांनी आले. इंग्रजीतून ‘सीझर’ आणि ‘झार’ आले, तर ग्रीक, अरबी आणि फारसी असा वळसा घेऊन ‘कैसर’ आला. १८७७च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीसाठी ‘कैसर-ए-हिंद’ ही पदवी घोषित झाली आणि पुढे त्याच नावाचे पदक पंडिता रमाबाईंना १९१९ मध्ये मिळाले. देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत आणि मराठीला उपपदेही नाहीत, त्यामुळे विशेषनामाचे सामान्यनाम होताना मराठी वेगळ्या सोयी करते : ‘कळीचा नारद’ किंवा ‘कर्णाचा अवतार’ असे म्हणून ती नावाला षष्ठीचा आधार देते. सीझरच्या बाबतीत तिने लिंगच बदलले. इतिहासाच्या पुस्तकात ‘सीझर आला’ असे पुल्लिंगी क्रियापद येते, तर प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात कोणी विचारले की ‘सिझर झालं’ असे नपुंसकलिंगी उत्तर मिळते. इंग्रजीने जे काम अक्षराच्या आकारावर सोपवले, ते मराठीने क्रियापदाच्या शेवटच्या स्वरावर उरकले.