थंडीत ट्रॅक्टर, पिकअपचे इंजिन लवकर गरम होत नाही? आधी थर्मोस्टॅट तपासा

डिसेंबर-जानेवारीत निफाड, दिंडोरी भागात पहाटेचे तापमान बऱ्याचदा १० अंश सेल्सिअसच्या खाली जाते. काही वर्षी ते ५ अंशांच्याही खाली उतरते. याच काळात द्राक्षबागेत सकाळी लवकर फवारणीसाठी ट्रॅक्टर सुरू होतो आणि भाजीपाला भरलेली पिकअप उजाडण्यापूर्वी बाजार समितीकडे निघते. अशा वेळी अनेक शेतकरी दोन तक्रारी सांगतात. ट्रॅक्टर अर्धा तास चालला तरी तापमानाचा काटा हलत नाही, आणि पिकअपचा हीटर लावला तरी कोमट हवा येते व समोरच्या काचेवरील वाफ जात नाही.

या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. इंजिन गरम झाले तर अडचण, गार राहिले तर चांगलेच, असा समज आहे. प्रत्यक्षात सतत गार चालणारे डिझेल इंजिनही हळूहळू खराब होते. फरक एवढाच, की ते वाफ सोडून इशारा देत नाही.

इंजिनाला उष्णता का लागते?

पाण्याने थंड होणारे बहुतेक इंजिन साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस तापमानाला योग्य काम करते. हे तापमान राखण्याचे काम थर्मोस्टॅट करतो. यालाच गॅरेजमध्ये ‘थर्मोस्टॅट वॉल’ म्हणतात. त्याच्या आत मेण भरलेली छोटी डबी असते. इंजिन थंड असताना वॉल बंद राहतो, त्यामुळे कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते आणि लवकर तापते. ठरलेल्या तापमानाला मेण वितळून फुगते, वॉल उघडतो आणि कूलंट रेडिएटरकडे जाऊ लागते.

वॉल उघडा अडकला किंवा काढून टाकला, तर पहिल्या मिनिटापासून कूलंट रेडिएटरमधून फिरते. मे महिन्यात ३५ अंशांवरून ८० अंशांवर जायला इंजिनाला ४५ अंश चढावे लागतात, तर जानेवारीच्या पहाटे ५ अंशांवरून ७५ अंश. म्हणून उन्हाळ्यात न जाणवलेला हा दोष थंडीत उघड होतो.

गार इंजिनामुळे होणारे नुकसान

- डिझेल पूर्ण जळत नाही. सुरू केल्यानंतर बराच वेळ पांढरट धूर येतो आणि डिझेल जास्त लागते.
- न जळलेले डिझेल पिस्टन रिंगमधून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. ऑइल पातळ होते व बेअरिंग, लायनर यांची झीज वाढते.
- ज्वलनातून तयार होणारी पाण्याची वाफ ऑइलमधून उडून जात नाही. त्यामुळे ऑइलमध्ये गाळ धरतो.

डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली किंवा ऑइलला डिझेलचा वास आला, तर दुर्लक्ष करू नये. गार चालण्याशिवाय डिझेल पंप किंवा इंजेक्टरच्या गळतीमुळेही असे होते, म्हणून तेही तपासून घ्यावे. असे ऑइल बदलल्याशिवाय ट्रॅक्टर जड कामाला लावू नये.

उन्हाळ्यातला उपाय, हिवाळ्यातला दोष

उन्हाळ्यात नांगरणीच्या वेळी ट्रॅक्टर तापतो. मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून टाकतो, ट्रॅक्टर तापायचा थांबतो आणि विषय तिथेच संपतो. मात्र तापण्याचे खरे कारण वेगळेच असते. जाळीत अडकलेला भुसा, बोअरच्या जड पाण्यामुळे आत धरलेला क्षार, सैल झालेला फॅन बेल्ट किंवा कमजोर रेडिएटर कॅप यांपैकी काहीतरी बिघडलेले असते. वॉल काढल्याने हा दोष फक्त झाकला जातो.

काही इंजिनांमध्ये थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा मार्ग बंद करतो. तिथे तो काढल्यास बरेचसे गरम कूलंट रेडिएटरकडे न जाता परत इंजिनात फिरते. असे इंजिन हिवाळ्यात गार आणि उन्हाळ्यात जड कामाला जास्त गरम, असे दोन्हीकडून बिघडते. म्हणून जुना ट्रॅक्टर घेताना आणि इंजिनाचे काम करून घेतल्यानंतर थर्मोस्टॅट जागेवर आहे का, हे आवर्जून विचारावे.

घरच्या घरी तपासणी: हा क्रम पाळा

१. कूलंटची पातळी: रात्रभर थंड झालेल्या इंजिनावरच रेडिएटर कॅप उघडावी. गरम इंजिनाची कॅप उघडल्यास उकळते पाणी अंगावर उडून गंभीर भाजते. पातळी कमी असेल तर हीटरकडे कूलंट नीट पोचत नाही. तापमानाचा सेन्सर कूलंटबाहेर राहिल्यास इंजिन तापलेले असूनही काटा खाली दिसू शकतो. म्हणून ही तपासणी सर्वांत आधी करावी.

२. वरचा होज पाईप: थंड इंजिन सुरू करून इंजिनाकडून रेडिएटरच्या वरच्या बाजूला जाणाऱ्या पाईपवर हात ठेवून पाहावे. हात, उपरणे, मफलर पंखा व पट्ट्यापासून लांब ठेवावे. थर्मोस्टॅट चांगला असेल तर पाईप काही वेळ गारच राहतो आणि वॉल उघडल्यावर एकदम गरम होतो. सुरुवातीपासून पाईप हळूहळू कोमट होत गेला, तर वॉल उघडा अडकला आहे किंवा तो बसवलेलाच नाही.

३. पंखा: पिकअपमध्ये विजेवर चालणारा पंखा असेल, तर थंड इंजिनावर तो बंद असायला हवा. एसी बंद असूनही तो सतत फिरत असेल, तर सेन्सर किंवा रिले तपासून घ्यावा.

४. थर्मोस्टॅटची पाण्यातली परीक्षा: वॉल काढून आणल्यावर तो थंड असताना पूर्ण बंद आहे का, हे उजेडात धरून पाहावे. नंतर जुन्या भांड्यात पाणी घेऊन वॉल दोरीने टांगावा. तो तळाला टेकू देऊ नये. पाणी तापवत थर्मामीटरने तापमान पाहावे. वॉलवर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि पाणी थंड झाल्यावर पुन्हा पूर्ण मिटला पाहिजे. नवा वॉल त्याच तापमानाचा घ्यावा व गॅस्केटही नवे टाकावे.

पिकअपचा हीटर कोमट का येतो?

हीटर म्हणजे डॅशबोर्डखालील छोटा रेडिएटरच. गरम कूलंट त्यातून फिरते आणि ब्लोअर ती उष्णता केबिनमध्ये ढकलतो. इंजिन १५-२० मिनिटे चालवून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, हीटरकडे जाणारे दोन्ही पाईप सांभाळून चाचपावेत.

- दोन्ही पाईप कोमट: इंजिनच गार आहे, कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे. थर्मोस्टॅट व पातळी तपासावी.
- एक गरम, दुसरा बराच गार: हीटरच्या नळ्यांत क्षार किंवा गंज साचून प्रवाह अडला आहे. काही गाड्यांत हीटरचा कॉक पूर्ण उघडत नसल्यानेही असे होते.
- दोन्ही चांगले गरम, तरी हवा गार: कूलंटचा दोष नाही. गरम-थंड हवेची झडप, तिची केबल किंवा ब्लोअर तपासावा.

कूलंट बदलल्यानंतर लगेच हीटर गार पडला, तर हवा अडकल्याची शक्यता जास्त. थंड इंजिनावर कॅप उघडून, गाडीचे तोंड थोडे चढावर ठेवून, हीटर पूर्ण गरमवर लावून इंजिन सुरू करावे. बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहावे आणि ते वर चढू लागताच कॅप लावावी. काही इंजिनांना हवा काढण्यासाठी वेगळा स्क्रू असतो. पुस्तिकेत तशी सूचना असेल तर तीच पाळावी.

कूलंट वारंवार कमी होणे, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, ऑइल दुधट दिसणे ही हेड गॅस्केट खराब झाल्याची चिन्हे असू शकतात. केबिनमध्ये गोडसर वास व पायाखाली ओल असेल तर हीटरची जाळी गळत असावी. अशा वेळी गाडी मेकॅनिककडेच न्यावी.

पहाटे काम सुरू करताना

- इंजिन सुरू होताच पीटीओवर ब्लोअर जोडून पूर्ण भार देऊ नये. ३ ते ५ मिनिटे कमी वेगावर चालवून, पुढील काही मिनिटे हलक्या भारावर बागेपर्यंत न्यावा.
- अर्धा तास जागेवर चालू ठेवूनही फायदा नाही. भाराशिवाय डिझेल इंजिन नीट तापत नाही, उलट डिझेल वाया जाते.
- जाळीवर गोणपाट किंवा पुठ्ठा बांधू नये. ऊन चढल्यावर तो काढायचा राहिला तर इंजिन तापते. खराब वॉलला तो पर्याय नाही.
- काचेवरील वाफ घालवण्यासाठी हवा काचेकडे वळवावी, बाहेरची हवा आत घेणारा पर्याय निवडावा आणि एसी असल्यास हीटरसोबत लावावा. एसीमुळे हवेतील ओलावा कमी होतो. काच स्वच्छ दिसल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

कूलंटबाबत काळजी

बोअर किंवा विहिरीचे पाणी रेडिएटरमध्ये भरू नये. त्यातील क्षार रेडिएटर, इंजिन व हीटरच्या नळ्यांत साचतात. तयार कूलंट तसेच वापरावे. घट्ट स्वरूपातील कूलंट पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात, साधारणतः निम्मे कूलंट व निम्मे डिस्टिल्ड वॉटर, असे मिसळावे.

बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते विषारी असून चवीला गोड असते. जुने कूलंट गोठ्याजवळ, अंगणात किंवा चारीत सोडू नये. जनावर, कुत्रे किंवा लहान मूल ते पिण्याचा धोका असतो. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, नाव लिहून गॅरेजकडे द्यावे. पोटात गेल्याचा संशय आला तर वाट न पाहता डॉक्टर किंवा पशुवैद्यकाकडे जावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी हिवाळ्यापूर्वीच्या ट्रॅक्टर देखभाल शिबिरात वरच्या पाईपची तपासणी आणि पाण्यातली परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवावी. दोन्हींना महागडे साहित्य लागत नाही. आपल्या ट्रॅक्टरचा काटा अर्धा तास काम करूनही खालीच राहत असेल, तर उद्या सकाळी थंड इंजिनावर पातळी पाहून वरच्या पाईपवर हात ठेवा. थर्मोस्टॅटचा खर्च इंजिन बांधण्याच्या खर्चापुढे अगदी किरकोळ आहे.