अपस्मार : झटक्यांची निमित्ते आणि दिनचर्येतील दक्षता
(चांदूर रेल्वे परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

अपस्मार हा मेंदूचा आजार आहे. मेंदूतील पेशींमध्ये काही काळ अनियंत्रित विद्युत-लहरी उसळल्या की झटका येतो. लोकभाषेत यालाच मिरगी किंवा फेफरे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार असून, योग्य निदान व उपचार मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. तरीही उपचार सुरू असलेल्या अनेकांना पुन्हा झटके येतात. त्यामागचे कारण बऱ्याचदा दिनचर्येत सापडते. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील चांदूर रेल्वे या शेतीप्रधान तालुक्याचा जीवनक्रम डोळ्यांसमोर ठेवून प्रस्तुत लेखात या बाबीचा विचार केला आहे.

कारण आणि निमित्त

जन्मवेळी मेंदूला झालेली इजा, डोक्यास मार, मेंदूज्वर, पक्षाघात, मेंदूत शिरलेल्या पट्टकृमीच्या अळ्या, आनुवंशिकता ही आजाराची कारणे होत. अनेक रुग्णांत कारण सापडतही नाही. निमित्त मात्र वेगळे. आधीच संवेदनशील असलेल्या मेंदूत विशिष्ट वेळी झटका घडवून आणणारी बाब म्हणजे निमित्त. ते टाळल्याने आजार नाहीसा होत नाही. परंतु झटके कमी होऊ शकतात. म्हणून ही दक्षता औषधाला पूरक आहे, पर्याय नव्हे.

प्रमुख निमित्ते

१) औषधात खंड : ठरलेली गोळी चुकणे हे सर्वांत नेहमीचे निमित्त होय. बरे वाटते म्हणून औषध एकाएकी बंद केल्यास लागोपाठ झटके येऊन जिवावर बेतू शकते.

२) अपुरी झोप : कृषिपंपास रात्रीच्या पाळीत वीज मिळते तेव्हा हरभरा व गव्हाच्या ओलितासाठी शेतकऱ्यास रात्रभर जागावे लागते. अशा वेळी झोप बुडते, गोळीची वेळ टळते आणि जवळच विहीर असते. रुग्णाकडे हे काम न देणे हाच कुटुंबाने करावयाचा सोपा उपाय आहे.

३) उपवास : दीर्घकाळ उपाशी राहणे काही रुग्णांना बाधते. निर्जळी उपवासात गोळीही टाळली जाते, हा अधिक मोठा धोका.

४) इतर : मद्यपान व ते अचानक सोडणे, ताप, मानसिक ताण आणि काही स्त्रियांत मासिक पाळीचा काळ. लुकलुकणाऱ्या प्रकाशाचा त्रास मात्र थोड्याच रुग्णांना होतो.

नोंदवहीचे महत्त्व

प्रत्येकाचे निमित्त सारखे नसते. झटक्याची तारीख, वेळ, कालावधी, आदल्या रात्रीची झोप, चुकलेली गोळी, ताप व उपवास यांची नोंद साध्या वहीत ठेवावी. काही महिन्यांत त्यातून क्रम दिसू लागतो आणि डॉक्टरांनाही मात्रा ठरविणे सुलभ जाते.

सुरक्षितता व प्रथमोपचार

अपस्माराच्या रुग्णास पाणी, अग्नी, झाडे व डोंगर यांपासून जपावे, असे चरकसंहितेत सांगितले आहे. आजच्या संदर्भात विहीर, चूल, मळणीयंत्र आणि वाहन यांबाबत तेच लागू पडते. झटका आल्यास रुग्णास कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे व वेळ मोजावी. तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. कांदा किंवा चप्पल हुंगविण्याने काहीही साधत नाही. झटका ५ मिनिटांहून अधिक चालल्यास, किंवा शुद्ध न येता दुसरा आल्यास, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

लपवणुकीचा प्रश्न

वरील सर्व दक्षतेस खरा अडसर लपवणुकीचा आहे. मुलीचा आजार सांगितला तर लग्न जुळणार नाही, या भीतीने तो दडविला जातो. सासरी गोळी लपून घ्यावी लागते, मग ती चुकते. त्यात नव्या घरातील जागरणे व उपवास यांची भर पडते. विवाहविषयक कायद्यांत १९९९ साली दुरुस्ती होऊन अपस्माराचा अडथळा काढून टाकण्यात आला. समाजमनातील अडथळा अद्याप उरला आहे. विवाहापूर्वी आजाराची कल्पना देणे दोन्ही कुटुंबांच्या हिताचे ठरते. गर्भधारणेपूर्वीही डॉक्टरांचा सल्ला आवश्यक असतो, कारण काही औषधे, विशेषतः व्हॅल्प्रोएट, गर्भास अपायकारक ठरू शकतात. मात्र औषध परस्पर बंद करू नये.

निष्कर्ष

नियमित औषध, पुरेशी झोप, वेळेवर आहार आणि नोंदवही यांना फारसा खर्च येत नाही. त्यासाठी घरातील माणसांना आजार ठाऊक असणे तेवढे आवश्यक आहे. ज्या घरात गोळी उघडपणे घेता येते, तेथेच झटक्यांवर नियंत्रण मिळविणे शक्य होते.