कापड दुकानदाराची मान का आखडते?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. फजरच्या नमाजात सलाम फेरताना आमची मान उजवीकडे वळेना. कानामागून खांद्यापर्यंत कोणी सुतळी ताणून बांधावी तशी ओढ बसली. आदल्या रात्री लग्नसराईचे गिऱ्हाईक दहा वाजेपर्यंत होते, त्याचा थकवा असेल असे समजून आम्ही दुकान उघडले. ती मान पुढे चौदा महिने नीट झाली नाही. या चौदा महिन्यांत आम्ही पैसा घालवला, झोप घालवली आणि एकदा तर जीव धोक्यात घातला. व्यापारी बांधवांवर ती पाळी येऊ नये म्हणून हे लिहीत आहोत.

आमचे दुकान पेडगावात. परभणीजवळचे, रेल्वे स्टेशन असलेले हे गाव. आसपासची सगळी शेती कापूस-सोयाबीनची, त्यामुळे शेतकऱ्याच्या हाती पैसा आला की रोखीचे गिऱ्हाईक, एरवी उधारी. दुकान वडिलांच्या वेळेपासून गादीचे. मांडी घालून बसायचे, थान पुढ्यात उलगडायचे, लोखंडी मीटरने खाली वाकून मोजायचे, कात्री लावायची आणि वही मांडीवर घेऊन लिहायचे. (म्हाताऱ्या बायका अजून वारानेच मागतात, तो हिशेब वेगळा.) वडिलांनीही जन्मभर हेच केले, पण त्यांची मान आखडल्याचे आम्हांस आठवत नाही. फरक मोबाईलने पडला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, बिले मोबाईलवर गेली. पैसे मोबाईलवर, मालेगाव-सुरतचे नमुनेही मोबाईलवर. पूर्वी नमुने पाहायला गाडीत बसून जावे लागे, तेवढीच मानेला सुटी मिळे.

माणसाचे डोके साधारण पाच किलोचे असते. ते सरळ असेपर्यंत मणके त्याचा भार उचलतात. पुढे झुकले की मागच्या स्नायूंना ते ओढून धरावे लागते. न्यूयॉर्कचे पाठीच्या मणक्यांचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ साली याचा हिशेब मांडला. मान १५ अंश झुकली तर तिच्यावर सुमारे १२ किलोचा भार, ३० अंशाला १८, ४५ अंशाला २२ आणि ६० अंशाला २७ किलो. हा गणिताचा अंदाज आहे, कोणी मानेला तराजू लावलेला नाही. पण मांडीवरच्या मोबाईलात पाहताना आमची मान किती झुकते ते मुलाने फोटो काढून दाखवले, तेव्हा आम्ही गप्प झालो.

पहिला इलाज आम्ही न्हाव्याकडे केला. दाढीनंतर मान दोन्हीकडे कडकन वाजवून घ्यायची आमची जुनी सवय. दुखायला लागल्यावर दर आठवड्याला जाऊ लागलो. एकदा झटका जोरात बसला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, अर्धा तास भिंत धरून बसलो. पुढे डॉक्टरांनी समजावले की मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतूनच वर जातात. अशा झटक्याने धमनी आतून फाटू शकते आणि लकवा मारू शकतो. आमचे नशीब थोर. त्यानंतर मानेचा पट्टा आणला आणि कोणाला न विचारता पाच महिने दिवसभर बांधला. आधार मिळाल्यामुळे स्नायू आणखी दुबळे झाले, पट्टा काढला की डोके जड वाटे. गोळ्यांनी पित्त वाढले. गरम पाण्याच्या शेकाने आणि तेलाच्या हलक्या मालिशने मात्र आराम पडे. युनानीत शेकाला तकमीद आणि मालिशला दल्क म्हणतात, आमच्या लहानपणी हकीमसाहेब हेच सांगत. पण आराम रात्रीपुरता, सकाळी गादीवर बसलो की पुन्हा तीच सुतळी.

शेवटी परभणीला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी आमच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “काका, कोणाकडे किती बाकी आहे ते जरा सांगा.” आम्ही तीन नावे घेतली. चौथ्या नावाला त्या म्हणाल्या, “थांबा. तुमचे खांदे कुठे आहेत बघा.” दोन्ही खांदे कानांकडे चढले होते आणि आम्हांस पत्ता नव्हता. त्या वर्षी पावसाने पीक गेले होते, उधारी थकली होती, मालेगावच्या पेढीचे फोन येत होते. खतावणी उघडली की हे रोज होत असणार.

बाईंनी मग एक गोष्ट सांगितली, ती आम्हांस फार पटली. मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला जो मोठा स्नायू, ट्रॅपेझियस, त्यातले काही बारीक तंतू थोड्याशा ताणालाही सर्वांआधी कामाला लागतात आणि सर्वांत शेवटी सुटतात. ताण हलका असला तरी दिवसभर त्यांची सुटका नाही. स्वीडनचे संशोधक हेग यांनी १९९१ साली ही कल्पना मांडली आणि परीकथेतल्या राबणाऱ्या सिंड्रेलाचे नाव तिला मिळाले. आम्हांस सिंड्रेला नव्हे, दुकानातला पोऱ्या आठवला. सकाळी सर्वांआधी येऊन झाडू मारणारा आणि रात्री शटर ओढून सर्वांत शेवटी जाणारा तोच.

त्या पोऱ्याला सुटी देण्याचा उपाय साधा निघाला. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली ‘प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन’ हे पुस्तक लिहिले. स्नायू आधी मुद्दाम आवळायचा आणि मग सोडायचा, म्हणजे सैल पडणे काय असते ते माणसाला कळते, असा त्यांचा मार्ग. आम्ही खांदे कानांपर्यंत उचलतो, पाच आकडे मोजतो, एकदम सोडतो आणि दहा आकडे नुसते बसतो. असे तीनदा. दर मोठे बिल फाडल्यावर हे करायचे असा नेम धरला, कारण घड्याळ पाहून करू म्हटले तर दुकानात ते होत नाही.

नुसते सैल सोडून भागत नाही, स्नायूला ताकदही हवी. डेन्मार्कमध्ये मान-खांदे दुखणाऱ्या १९८ जणांवर, बहुतेक कचेरीत बसून काम करणारे, एक प्रयोग झाला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. रबरी नळी पायाखाली धरून दोन्ही हात बाजूंनी खांद्यापर्यंत उचलायचे, एवढाच व्यायाम. आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. काहींनी रोज १२ मिनिटे केला, काहींनी फक्त २ मिनिटे. दोघांचेही दुखणे व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा कमी झाले. दोन मिनिटे तर चहा गाळायला लागतात! आम्ही सायकलची जुनी ट्यूब कापून घेतली. पहिले आठ दिवस अंग दुखले, दोन महिन्यांत मान दोन्हीकडे फिरू लागली.

दुकानातही बदल केले. गादीवर लाकडी डेस्क ठेवले, वही आणि मोबाईल त्यावर छातीच्या उंचीला. मोजणीला उभ्याचे टेबल केले. जास्त खपणारे पॉपलिन आणि ब्लाउजपीस वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीला आणले, लठ्ठा वर गेला. गाठी लहान बांधून पाठवा असे पेढीला कळवले, कारण आमची मान बसून दुखते, पण हमालाची तर वजनाने मोडते. वजन डोक्यावरून नेणाऱ्या माथाडींसाठी महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला, पण खेड्यातल्या दुकानात गाठ उतरवणाऱ्याला तो क्वचितच भेटतो.

एक गोष्ट मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराचा डावा खांदा दुखू लागला. आमच्या मानेची हकिगत त्यांनी ऐकली होती, तेव्हा हेही तसलेच समजून त्यांनी दोन दिवस बाम चोळला. तिसऱ्या दिवशी जिना चढताना घाम फुटला, दम लागला. तो हृदयविकाराचा झटका होता, ते वाचले नाहीत. खांदा, जबडा किंवा हात दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम, धाप असेल तर बाम नको, १०८ ला फोन करावा. हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली पडून कात्री सुटत असेल, चालताना तोल जात असेल, तरी घरी शेकत न बसता डॉक्टर गाठावा. मार लागल्यावर किंवा तापाबरोबर मान आखडली तरी तेच.

आमची मान पूर्ण बरी झाली असे म्हणवत नाही. लग्नसराईत अजून आखडते, पण दोन दिवसांत सुटते. ट्यूबचा एक तुकडा आता दाराबाहेरच्या शिंप्यानेही नेला आहे. न्हावी मात्र दाढी झाली की अजून हात मानेवर ठेवून विचारतो, “शेठ, मोडून देऊ का?” आम्ही पैसे देऊन उठतो.