मुलाच्या घरची जुनी थ्री नॉट थ्री

हप्ते, व्याज, बँकेची कागदपत्रं हे आपलं नेहमीचं. आजचा विषय मात्र वेगळा आहे आणि तो आपल्याच गटातून आलाय.

गेल्या बैठकीला आमच्या गटातल्या एक काकू मोबाईल पुढे करत आल्या. त्यांचा मुलगा बरीच वर्षं अमेरिकेत आहे, आता तिथलाच नागरिक झालाय. त्याने फोटो पाठवला होता. लाकडी दस्त्याची जुनी रायफल आणि शेजारी पाच पितळी काडतुसं. रायफलीवर मुकुटाचं चिन्ह, त्याखाली इंग्रजीत 'ईशापूर' आणि साल १९४२. काडतुसांच्या बुडाशी दोन अक्षरं, के आणि एफ. काकूंचे सासरे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. मुलाने लिहिलं होतं, "आई, ही आजोबांच्या कारखान्यातली."

काकूंना भरून आलं, पण पाठोपाठ काळजीही वाटली. मुलाच्या घरात पाच वर्षांची नात आहे. "हे बंदुकीचं खूळ बरं का गं?" त्यांनी मला विचारलं. कॉलेजात मी एन.सी.सी.त होते, पॉइंट टू टू रायफल चालवली होती. तेवढ्यावर गटात मला यातलं कळतं असा समज आहे! म्हणून मी नीट माहिती घेतली. काकूंना सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते.

आधी ही रायफल कोणती ते पाहू. आपण जिला थ्री नॉट थ्री म्हणतो, तीच ही. तिचं खरं नाव ली-एनफिल्ड. ली हे रचना करणाऱ्याचं नाव आणि एनफिल्ड हे इंग्लंडमधल्या कारखान्याचं गाव. नळीचं तोंड .३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर, म्हणून थ्री नॉट थ्री. इंग्रज फौजेने ती १८९५ साली घेतली आणि दोन्ही महायुद्धांत वापरली. आपल्याकडे कोलकात्याजवळच्या ईशापूरला ती तयार व्हायची. काडतुसं खडकीत व्हायची. खडकीचा कारखाना १८६९ सालचा. इंग्रज खडकीला 'किरकी' म्हणत, म्हणून बुडाशी के.एफ., किरकी फॅक्टरी.

या रायफलीला बोल्ट-अॅक्शन म्हणतात. दाराची कडी डोळ्यांपुढे आणा. कडी वर उचलायची, मागे ओढायची, पुढे सारायची, खाली पाडायची. बोल्टही तसाच चालतो. मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे सारला की नवं आत जातं, खाली पाडला की दार बंद. मॅगझीनमध्ये दहा काडतुसं मावतात, पण प्रत्येक गोळीला कडी हाताने फिरवावीच लागते.

पुढे फौजांकडे आपोआप भरणाऱ्या रायफली आल्या आणि या जुन्या लाखोंनी कोठारात पडून राहिल्या. आपल्याकडे पोलिसांनी त्या फार वर्षं वापरल्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात त्यांना निरोप दिला. परदेशांत बऱ्याच रायफली व्यापाऱ्यांना विकल्या गेल्या. यालाच सरप्लस म्हणतात. अमेरिकेत पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली बंदूक 'जुनी दुर्मीळ वस्तू' या वर्गात मोडते. त्यासाठी संग्राहकाचा वेगळा परवाना आहे, तीन वर्षांना तीस डॉलर. त्यामुळे रशियाची मोसिन-नागांत, जर्मनीची माउझर, अमेरिकेची स्प्रिंगफिल्ड असा संग्रह करणारे तिकडे पुष्कळ आहेत. आपण जुनी नाणी जमवतो तसे ते रायफलीवरचे शिक्के वाचतात. कुठला कारखाना, कुठलं साल, बोल्टचा नंबर आणि रायफलीचा नंबर एकच आहे का. अशा जुन्या रायफलींच्या नेमबाजीच्या स्पर्धाही होतात.

म्हणजे मुलगा काही जगावेगळं करत नाही. पण जुनी वस्तू म्हणजे निरुपद्रवी वस्तू नव्हे. म्हणून काकूंना मी मुलाला विचारायचे पाच प्रश्न लिहून दिले.

पहिला प्रश्न: रायफल जाणकार कारागिराकडून तपासली का? बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाच्या मागे नेमकीच जागा उरायला हवी. कुकरचं झाकण नीट बसलं नाही तर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. इथेही तसंच. जागा जास्त असली तर पितळ ताणून फाटतं आणि तापलेला वायू चालवणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतो. कारागीर ही जागा मापाने तपासतो. बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा असेल तर तपासणी हवीच.

दुसरा: रायफलीवर डी.पी. अशी अक्षरं आहेत का? त्याचा अर्थ फक्त कवायतीसाठी. ती झिजलेली, बाद केलेली असते. ती भिंतीवर शोभेल, पण तिच्यातून गोळी कधीही झाडायची नाही.

तिसरा: काडतुसं किती जुनी? जुनं काडतूस कधी कधी उशिरा पेट घेतं. दिवाळीत वात लावलेला फटाका वाजला नाही तर आपण पोरांना लगेच त्यावर वाकू देतो का? तसंच इथे. घोडा दाबला आणि आवाज झाला नाही, तर नळी निशाण्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं. लगेच बोल्ट उघडायचा नाही.

चौथा: चालवून झाल्यावर नळी पाण्याने धुतो का? हे ऐकून काकू हसल्या. लोखंडाला पाणी? पण जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत असा मसाला असायचा की तो जळल्यावर नळीत एक प्रकारचं मीठ उरतं. मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि नळी गंजते. तेलाने मीठ विरघळत नाही, पाण्याने विरघळतं. म्हणून जुने सैनिक नरसाळं लावून नळीतून उकळतं पाणी सोडत. मग चिंधीने कोरडी करायची आणि शेवटी तेलाचा हात. बिडाचा तवा आपण असाच राखतो, नाही का?

पाचवा आणि सगळ्यात मोठा: रायफल ठेवतो कुठे? रिकामी करून कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात आणि किल्ली नातीच्या हाती लागणार नाही अशी. मूल बंदूक खेळणं समजूनच उचलतं. "तिला सांगून ठेवलंय, ती हात लावत नाही," हे उत्तर चालणार नाही.

काकूंनी त्याच रात्री फोन लावला. कारागिराची तपासणी झाली होती, डी.पी. नव्हतं. पण रायफल दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेली होती. मुलगा म्हणाला, "अगं, रिकामीच आहे." काकू म्हणाल्या, "माझ्या नातीला ते कळतं का?" आठवड्याभरात कुलपाचं पोलादी कपाट आलं, त्याचाही फोटो आला. आणि खडकीची ती पाच काडतुसं मुलगा झाडणार नाही. चालवण्यासाठी तो नवी बनलेली आणतो. आजोबांच्या कारखान्याची म्हणून ती जपून, पण कुलपातच राहतील.

आता आपल्याकडचं. हे ऐकून कुणाला असा संग्रह करावासा वाटला, तर आपल्या देशात तसं करता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा आहे. थ्री नॉट थ्री सामान्य नागरिकासाठी बंदी असलेल्या वर्गात येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला साधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेली धरूनही.

पण वारशाची गोष्ट आपल्याही घरात येऊ शकते. शेतीच्या राखणीसाठी परवाना काढलेली आजोबांची बंदूक माळ्यावर असते. परवाना त्या माणसाच्या नावाचा असतो. तो गेला की बंदूक घरात तशीच ठेवायची नाही. आठवण म्हणून ट्रंकेत लपवायची नाही आणि स्वतः उघडूनही पाहायची नाही. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं. तिथे किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे ती जमा करायची आणि पावती घ्यायची. पावती पासबुकाइतकीच जपा. वारसाला ती ठेवायची असेल तर त्याने आपल्या नावाने परवान्यासाठी अर्ज करायचा. न विचारता ठेवलेल्या बंदुकीचा जाब मागे राहिलेल्या बाईलाच द्यावा लागतो, एवढं लक्षात असू द्या.

बंदुकीचं आपल्याला काय कळतं, असं म्हणून गप्प बसू नका. कडी, कुकर, फटाका, तवा आणि कुलूप, या पाचही गोष्टी आपल्या रोजच्याच आहेत. काकूंनी तेवढ्यावरच प्रश्न विचारले.

तुमच्या मनात काही शंका असेल तर गटाच्या बैठकीत विचारा. पुढच्या वेळी पुन्हा आपल्या हिशेबाच्या वह्यांकडे वळू.