बिनदाराच्या गाडीची दारं

आकाश भरून आलं की उघडी गाडी बाहेर काढायची नाही, असं इंग्लंडमध्ये ठरवलं तर गाडी वर्षाचा बराच काळ गॅरेजातच राहील. तरीही कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली ‘लोटस सेव्हन’ आणली, तेव्हा तिला दारं नव्हती. बाजूचा पत्रा कोपर टेकेल इतका खाली उतरवलेला. त्यावरून पाय टाकून आत घसरायचं. वजन वाचवणं हा चॅपमन यांचा ध्यासच होता. ही गाडी सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडली, तर खरेदीकर लागत नसे. १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क ग्रॅहम नर्न यांच्या ‘केटरहॅम’ला दिले आणि गाडी त्या नावाने आजही निघते. पुढे १९९६ मध्ये रॉन चँपियन यांचं पुस्तक आलं. अडीचशे पौंडांत घरी स्पोर्ट्‌स कार बांधा, असं सांगणारं. त्यातून सेव्हनच्या घाटाच्या कितीतरी गाड्या घरोघरच्या गॅरेजांत उभ्या राहिल्या. चासी स्वतः वेल्ड करणारा माणूस दारासाठी दुकानात कशाला जाईल?

पावसापुरत्या वरून लावायच्या या दाराला तिथे साइडस्क्रीन म्हणतात. नेहमीचं साइडस्क्रीन म्हणजे धातूची चौकट, तिच्यावर काळं रेक्झिन आणि मधे लवचीक पारदर्शक प्लास्टिक. पुढच्या काचेच्या खांबावर दोन बिजागऱ्या, मागे पट्टा आणि टिचबटण. वरून उचललं की दार हातात येतं. कुलूप नाही, आणि कापडी टपाच्या गाडीला ते लावण्यात अर्थही नाही. ते प्लास्टिक काही वर्षांत पिवळं पडतं आणि थंडीत दुमडलं तर तडकतं. घरी दार करायची इच्छा बहुधा इथेच सुरू होते.

पण पाणी येतं कुठून, हे आधी समजून घ्यावं लागतं. सेव्हनची पुढची काच उभी आणि सपाट. वेगात हवा तिच्या कडांवरून फाकते, मागे कमी दाबाची पोकळी होते आणि ती भरायला हवा मागून, बाजूने आत ओढली जाते. तिच्याबरोबर चाकांनी उडवलेला चिखलपाण्याचा फवाराही येतो. फाकलेल्या हवेमुळे दाराच्या बाहेरही दाब कमी होतो आणि दार बाहेर खेचलं जातं. मागची कड पक्की धरलेली नसेल, तर ते फडफडत राहतं.

माप घ्यायला पुठ्ठा उत्तम. मात्र टप चढवून, स्वतः आत बसून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून माप घ्यायचं. रिकाम्या गाडीवर बेतलेलं दार दिसायला सुंदर होतं आणि पहिल्याच वळणाला कोपराला लागतं. म्हणून अनेक जण कोपराजवळ बाहेर फुगवटा ठेवतात.

खिडकीसाठी ॲक्रिलिक स्वस्त, चकचकीत, पण ठोसा बसला की फुटतं. ड्रिलच्या भोकापासूनही त्याला चीर जाते. तीन मिलिमीटरचं पॉलिकार्बोनेट फुटत नाही आणि मोठ्या गोलाईत थंडच वाकतं. त्याचा स्वभाव वेगळा. मीटरभर लांबीचा तुकडा तीस अंशांच्या फरकाने सुमारे दोन मिलिमीटर वाढतो. त्यामुळे भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडायचं, रुंद वॉशर घालायचा आणि हात आवरून आवळायचं. स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावतात ते लॉकिंग द्रव इथे लावायचं नाही, पेट्रोलच्या बोळ्याने डागही पुसायचा नाही. दोन्हींनी ताणाखालच्या पॉलिकार्बोनेटला बारीक चिरा पडतात. ओरखडेही लवकर उठतात. आधी भरपूर पाण्याने धूळ घालवायची, मग साबणाचं मऊ फडकं.

खालची कड गाडीच्या पत्र्याच्या बाहेरून खाली आली पाहिजे. कौलं शाकारणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: वरचं खालच्यावर. ती कड आत गेली, तर दारावरून ओघळलेलं सगळं पाणी मांडीवर. पुढे खांबालगत पोकळ रबराची पट्टी लावली की काम भागतं. आरसा मात्र दारावर बसवू नये. काही जण बसवतात, आणि ऊन पडलं म्हणून दारं काढली की मागचं दिसायचं बंद होतं!

पाण्याचा थेंबही येऊ नये म्हणून चारही कडा रबराने गच्च बंद करणारे असतात. टपाखालच्या त्या चिंचोळ्या जागेत दोन माणसांचा श्वास आणि ओले कपडे; थोड्या वेळात काचा धुरकटतात आणि गाडी थांबवावी लागते. मागे वरच्या कोपऱ्यात थोडी फट हवीच. तिथून खांद्यावर चार थेंब येतील, ते येऊ द्यावेत. समोरचा रस्ता दिसणं जास्त महत्त्वाचं.

आपल्याकडे अजून कापडी टपाच्या जीप आहेत आणि त्यांची रेक्झिनची दारं शिवून देणारे कारागीरही. तुमची जीप असेल, तर पावसाळ्याआधी शिवायला टाकताना जुनं दार नमुना म्हणून देऊ नका. कारागिराला गाडीपाशी बोलावा, टप चढवा, तुम्ही आत बसा, आणि मगच त्याला माप घेऊ द्या.