विंडोज १० चा सपोर्ट संपला, मग आता विंडोज ११ घ्यायलाच हवं का?

कॉम्प्युटर सुरू केला की स्क्रीनभर एक सूचना येते. तुमच्या विंडोज १० चा सपोर्ट संपला आहे, विंडोज ११ वर या. खाली दोन-तीन बटणं असतात. बहुतेक जण घाईघाईत 'नंतर आठवण करा' वर क्लिक करतात आणि कामाला लागतात.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी लिहितं की जुने कॉम्प्युटर आता बंद पडणार. दुकानदार सांगतो, "हा लॅपटॉप गेला, नवीनच घ्या." आणि शेजारचा इंजिनिअर मुलगा म्हणतो, "काही होत नाही काका, चालू द्या."

यातलं खरं कोण बोलतंय? लॉकडाऊनमध्ये मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला लॅपटॉप बाजूला ठेवायचा का? दुकानातला बिलिंगचा कॉम्प्युटर बदलायचा का? नीट समजून घेऊ.

नेमकं झालंय काय?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० आणलं २९ जुलै २०१५ ला. त्या वर्षी कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने ही विंडोजची शेवटची आवृत्ती असल्याचं एका परिषदेत म्हटलं होतं आणि ते जगभर गाजलं. पण ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आलंच. त्यानंतर ठरलेल्या तारखेला, म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ ला, विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट संपला.

सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला असं नाही. तो आधीसारखाच सुरू होतो, फाइल्स उघडतात, प्रिंट निघते, यूट्यूब चालतं. इथपर्यंत शेजारचा मुलगा बरोबर आहे.

थांबली आहे ती दर महिन्याची दुरुस्ती. मायक्रोसॉफ्ट साधारण दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेचे अपडेट देतं. विंडोजमध्ये सापडलेल्या त्रुटी त्यातून बुजवल्या जातात. विंडोज १० साठी ते आता आपोआप येत नाहीत.

त्याने इतकं काय बिघडतं?

विंडोज १० आणि ११ मधला बराचसा कोड सारखाच आहे. त्यामुळे विंडोज ११ मध्ये एखादी त्रुटी सापडली तर तीच विंडोज १० मध्येही असण्याची शक्यता मोठी. कंपनी विंडोज ११ साठी दुरुस्ती देते तेव्हा हॅकर ती उघडून बघतात. आधीची फाइल आणि नंतरची फाइल शेजारी ठेवली की नेमकं कुठे भोक होतं ते कळतं. म्हणजे नव्या विंडोजची दुरुस्तीच जुन्या विंडोजमधल्या भोकाचा पत्ता सांगते. आणि जुन्या विंडोजमध्ये ते भोक तसंच उघडं राहतं.

"पण माझ्याकडे अँटिव्हायरस आहे," असं तुम्ही म्हणाल. विंडोज १० मधल्या डिफेंडरला व्हायरसच्या नव्या याद्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहेत, हे खरं आहे. पण अँटिव्हायरस दारावरच्या वॉचमनसारखा असतो. मागची भिंत पडली असेल तर वॉचमन कितीही जागा असला तरी उपयोग मर्यादितच.

असं खरंच कधी झालंय का?

झालंय. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस पसरला. १५० हून अधिक देशांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्याने धरले. फाइल्स कुलूपबंद करायच्या आणि सोडवण्यासाठी पैसे मागायचे, अशी त्याची पद्धत. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या सुमारे १९,००० अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्याचा अंदाज पुढे आला. त्याच वर्षी जूनमध्ये 'नॉटपेट्या'चा हल्ला झाला आणि मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत झालं.

वॉनाक्रायमधली महत्त्वाची गोष्ट अशी की ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिली होती, म्हणजे दोन महिने आधी. बळी पडलेले बहुतांश कॉम्प्युटर विंडोज ७ चे होते. त्या वेळी विंडोज ७ चा सपोर्ट चालू होता, दुरुस्ती उपलब्ध होती, पण लोकांनी ती घेतलीच नव्हती.

म्हणजे खरा फरक विंडोज जुनं की नवं हा नाही. त्याला अपडेट मिळतात का, आणि मिळालेले तुम्ही घेता का, हा आहे. विंडोज ११ टाकून अपडेट बंद करून ठेवले तर काहीच साधलं नाही.

माझ्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चालेल का?

विंडोज १० चं लायसन्स अधिकृत असेल तर विंडोज ११ फुकट मिळतं. अडचण पैशांची नाही, यंत्राची आहे. विंडोज ११ ला किमान हे लागतं:

• ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा
• टीपीएम २.० आणि सिक्युअर बूटची सोय
• इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा एएमडी रायझन २००० मालिकेचा प्रोसेसर, किंवा त्यापुढचा

टीपीएम म्हणजे पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपून ठेवणारी छोटी तिजोरी. ती वेगळी चिप असते किंवा प्रोसेसरमध्येच असते. अनेक कॉम्प्युटरमध्ये ती असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलच्या मशीनमध्ये तिचं नाव पीटीटी, एएमडीमध्ये एफटीपीएम असं दिसतं. त्यामुळे 'टीपीएम नाही' असा मेसेज आला की लगेच लॅपटॉप भंगारात काढू नका, आधी ती सुरू होते का ते बघा.

इंटेल प्रोसेसरची पिढी ओळखणं सोपं आहे. आय५-८२५०यू असं लिहिलं असेल तर आठवी पिढी, चालेल. आय५-७२००यू असेल तर सातवी, चालणार नाही. आय७-१०५१०यू म्हणजे दहावी.

हे सगळं डोक्यात ठेवायचं नसेल तर मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत अ‍ॅप चालवा. ते हो किंवा नाही सांगतं आणि नाही असेल तर कारणही देतं.

एक व्यवहाराची गोष्ट. ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर विंडोज ११ बसेल, पण काम करताना जीव नकोसा होईल. निदान ८ जीबी रॅम आणि एसएसडी असावी. पुष्कळशा लॅपटॉपमध्ये या दोन्ही गोष्टी बदलता येतात आणि तो खर्च नव्या लॅपटॉपपेक्षा खूपच कमी असतो.

चालत नसेल तर काय?

तीन रस्ते आहेत.

पहिला, मुदतवाढ. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी 'एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स' म्हणजे ईएसयू ही योजना आणली. तिच्यात विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट देण्याचं जाहीर झालं. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती हवी. सेटिंग्जमध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी' आणि मग 'विंडोज अपडेट' उघडलं की नोंदणीचा पर्याय दिसतो.

मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला तर ही योजना फुकट मिळते. नाहीतर १,००० मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्स पॉइंट किंवा ३० डॉलर एवढी रक्कम. एका खात्यावर १० कॉम्प्युटरपर्यंत चालतात. फुकटच्या पर्यायाला फक्त सेटिंग्जचा बॅकअप पुरतो. फोटो आणि व्हिडिओही वर चढवायला लागलात तर वनड्राइव्हची ५ जीबी मोफत जागा लगेच भरेल आणि पैसे भरण्याच्या सूचना सुरू होतील.

ही योजना म्हणजे विचार करायला मिळालेला वेळ आहे, कायमचा इलाज नाही. तिच्यात नवी फीचर्स नाहीत आणि तांत्रिक मदतही नाही.

दुसरा, लिनक्स. कॅनालिस या संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज मांडला होता की विंडोज १० चा सपोर्ट संपल्यामुळे जगातले सुमारे २४ कोटी कॉम्प्युटर भंगारात जाऊ शकतात. यातले कितीतरी चांगले धडधाकट असतील. लिनक्स मिंट, उबुंटू किंवा गुगलचं क्रोमओएस फ्लेक्स अशा मशीनवर मोफत टाकता येतं. ईमेल, यूट्यूब, लिब्रेऑफिसमध्ये पत्रं, युनिकोडमध्ये मराठी टायपिंग हे सगळं लिनक्सवर नीट चालतं. यूएसबी पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं, काहीही पुसलं न जाता. मात्र मायक्रोसॉफ्ट ऑफिस किंवा टॅली यावर थेट चालत नाही.

तिसरा, नवीन कॉम्प्युटर. कामधंदाच त्यावर असेल आणि मशीन आठ-दहा वर्षांचं झालं असेल तर हा खर्च आज ना उद्या येणारच आहे.

यूट्यूबवर चौथा रस्ताही दिसेल, तपासणी चुकवून जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकायचा. ते होतं. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या कारणासाठी सगळा खटाटोप केला तेच कारण अधांतरी राहतं.

मग कोणी काय करावं?

मशीन पात्र आहे आणि घरगुती वापर आहे: विंडोज ११ घ्या. थांबून मिळण्यासारखं फार काही नाही.

डीटीपी, बिलिंग किंवा कर सल्ल्याचं काम आहे: आधी यादी करा. जुन्या मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, त्याचं यूएसबी लॉक, डिजिटल सहीचं टोकन, बारकोड स्कॅनर, जुना प्रिंटर. प्रत्येकाचा ड्रायव्हर विंडोज ११ साठी आहे का ते पुरवठादाराला विचारा. तोवर ईएसयू घ्या. आणि बदल करायचाच तर रिटर्न भरण्याच्या किंवा दिवाळी अंक छापायच्या आठवड्यात करू नका.

मशीन पात्र नाही, पण आजी-आजोबा भजनं ऐकतात आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल करतात: ईएसयू घ्या, नंतर लिनक्सचा विचार करा.

जुनं मशीन एखाद्या यंत्राला जोडलेलं आहे आणि इंटरनेटची गरजच नाही: नेट काढून टाका आणि चालू ठेवा. पेनड्राइव्ह मात्र तपासूनच लावा.

काहीच करायचं नसेल तर निदान त्या कॉम्प्युटरवर नेटबँकिंग करू नका आणि महत्त्वाचे पासवर्ड साठवू नका.

अपग्रेड करण्याआधी हे करा

१. फोटो, हिशोब, सातबारा, पीएचडीचा प्रबंध, जे काही परत मिळणार नाही ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. कॉपी केल्यावर दोन-चार फाइल्स उघडूनही बघा.

२. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन सुरू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बायोसमध्ये बदल केल्यावर कॉम्प्युटर ती मागू शकतो, आणि ती नसेल तर तुमचा डेटा तुमच्यासमोर असूनही उघडणार नाही.

३. लॅपटॉप चार्जरला लावा. वीज जाण्याच्या वेळेला किंवा रात्री उशिरा सुरू करू नका. मोबाइल डेटावर असाल तर लक्षात ठेवा, डाउनलोड काही जीबीचा असतो.

४. अपग्रेड झाल्यावर पहिल्या दिवशीच प्रिंटर, सॉफ्टवेअर, टोकन सगळं चालवून बघा. जमलं नाही तर विंडोज १० वर परत जाता येतं, पण साधारण १० दिवसांतच. तोवर डिस्क साफ करताना जुन्या विंडोजच्या फाइल्स पुसू नका.

आणि एक सावधगिरी

अशा बदलाच्या काळात ठगांचं फावतं. "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमचं विंडोज बंद होणार आहे" असा फोन आला तर ठेवून द्या. मायक्रोसॉफ्ट असे फोन करत नाही. कुणाच्या सांगण्यावरून कॉम्प्युटरचा ताबा देणारं अ‍ॅप टाकू नका. अपग्रेड घ्यायचं ते सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधून किंवा मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून मुळीच नाही.

थोडक्यात, घाबरून आजच्या आज नवा लॅपटॉप घ्यायची गरज नाही आणि 'काही होत नाही' म्हणून वर्षानुवर्षं तसंच चालवणंही बरोबर नाही. आज दहा मिनिटं काढा, पीसी हेल्थ चेक चालवा. उत्तर 'हो' असेल तर बॅकअप घेऊन अपग्रेड करा. 'नाही' असेल तर ईएसयूची नोंदणी करून पुढचं शांतपणे ठरवा.